उरलेल्या तासांचा सौदा

जुने विमान पाहावयास गेलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे ज्या ताज्या रंगावर, कातडी आसनांवर आणि नव्या पडद्यांच्या यंत्रफलकावर प्रथम खिळतात, त्यांपैकी कशावरही त्या सौद्याचे भवितव्य अवलंबून नसते. व्यापारप्रवासासाठी दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप विमान घेणारा मनुष्य वस्तुतः त्या इंजिनांत उरलेले तास विकत घेत असतो.

अमेरिकेत या बाजारातले सर्वांत परिचित नाव किंग एअरचे. वॉल्टर आणि ऑलिव्ह ॲन बीच या दांपत्याने १९३२ साली कॅन्ससमधील विचिटा येथे काढलेल्या कारखान्यातून १९६४ पासून निघू लागलेल्या या विमानांची संख्या ७००० च्या पुढे गेली, आणि त्यांतले बी२०० हे सात-आठ प्रवाशांचे रूप, आखूड धावपट्टीवर उतरून ताशी ५०० किलोमीटरच्या घरातला वेग देणारे म्हणून, आडगावच्या कारखानदारांना विशेष मानवले. इतिहास इतका पुरे. मन गुंतते ते त्याच्या पीटी६ इंजिनात.

कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनीच्या या यंत्रात हवा मागून शिरते, दाबली जात पुढे सरकते, ज्वलनकक्षात दिशा बदलून तापते आणि चक्रे फिरवून नाकाजवळच्या नळ्यांतून बाहेर पडते. त्यांतले पहिले चक्र मिनिटाला सुमारे ३७,००० फेऱ्या घेऊन केवळ हवा दाबणारा भाग चालवते, तर प्रॉपेलर फिरवणाऱ्या पुढच्या चक्रांशी त्याचा धातूचा दुवा मुळीच नाही, मध्ये असतो तो फक्त तप्त वायूचा झोत. या विभक्तपणामुळे इंजिन सुरू होताना त्याच्यावर प्रॉपेलरचा भार पडत नाही, आणि ही योजना मला अतिशय सुंदर वाटते.

धोका मात्र त्याच क्षणी असतो. बॅटरी क्षीण असली, किंवा पुरेशी गती येण्यापूर्वी इंधन सोडले, तर काही सेकंदांत तपमान १००० अंशांपलीकडे जाऊन चक्रांची पाती करपतात. समुद्रकाठी राहिलेल्या विमानात क्षाराने तीच पाती हळूहळू पोखरली जातात. आणि यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही. म्हणून जाणता तंत्रज्ञ इंधनाची तोटी काढून त्या छिद्रातून बोरोस्कोपची नळी आत सोडतो आणि चक्र हाताने फिरवीत एकेक पाते निरखतो. ज्या विक्रेत्याला ही तपासणी नको असते, त्याच्या विमानासाठी इसारही देऊ नये.

बी२०० च्या इंजिनाला साधारण १८०० तासांनी तप्त भागाची तपासणी आणि ३६०० तासांनी संपूर्ण पुनर्बांधणी लागते. स्वस्त दिसणाऱ्या विमानाची दोन्ही इंजिने त्या मर्यादेपाशी आली असली, तर त्यांच्या पुनर्बांधणीचा खर्च कित्येकदा विमानाच्या किमतीलाच भिडतो. प्रॉपेलरची आणि चाकांच्या सांगाड्याची मुदत तर वर्षांवरही मोजतात, त्यामुळे हँगरमध्ये निजून राहिलेले विमान नवे राहत नाही.

मग येते दप्तर. आपल्याकडे शेत घेताना सातबारा उतरवून बोजा पाहतात, तद्वत ओक्लाहोमा सिटीतील विमाननोंदणी कचेरीत मालकीची साखळी आणि सावकाराचा हक्क तपासावा लागतो. त्याहून कठीण बाब देखभालीच्या नोंदवह्यांची, कारण इंजिनातील काही चकत्यांचे आयुष्य तासांवर नव्हे, तर किती वेळा इंजिन सुरू होऊन विमान उडाले यावर ठरते. ती संख्या सिद्ध करणारी पाने हरवली असली, तर चकती कितीही निर्दोष दिसो, तिचे उरलेले आयुष्य कोणी ग्राह्य धरीत नाही, आणि तिच्या जागी नवी बसवण्याचा भुर्दंड, करारात आधी लिहून घेतले नसेल तर, नव्या मालकाच्या माथी येतो.