‘सेव्ह’ झाले, पण कुठे?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या ऑफिसात बिल सेव्ह केले आणि त्याच क्षणी लाइट गेली, तर ते बिल राहिले की गेले? ‘सेव्ह’ म्हटले म्हणजे डिस्कवर उतरले, असेच बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात नवा मजकूर बरेचदा आधी रॅममधल्या डिस्क कॅशमध्ये थांबतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार तो तिथे साधारण ३० सेकंद राहू शकतो, आणि डिस्कच्या आतला बफर आणखी वेगळा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९पासून शेजारी आहे खरे, पण त्याची वीज ग्रीडमध्ये जाते. इथला फीडर ट्रिप व्हायचा तेव्हा होतोच. म्हणून कॅश सॉफ्टवेअरकडून आज वेगाच्या आधी मागायला हवा तो चोख हिशेब: काय लिहून झाले आणि काय अजून हवेत आहे.

वेगाचे महत्त्व कमी नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला नुसत्या अर्ध्या फेरीला ४ मिलिसेकंद लागतात. रॅमचे काम त्याच्या हजारो पट लवकर होते. एसएसडीने हे अंतर घटवले, मिटवले नाही. पण कॅश जितकी मोठी तितकी बरी, हे अर्धसत्य आहे. ‘शेवटी वापरलेले ठेवा, जुने काढा’ एवढाच नियम असेल, तर रात्रीचा बॅकअप एकदाच लागणाऱ्या फाइली वाचतो आणि रोज लागणारी खाती बाहेर ढकलतो. यावर आयबीएमच्या निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा (हे पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी) यांनी २००३मध्ये ‘एआरसी’ ही पद्धत मांडली: नुकतेच वापरलेले आणि वारंवार वापरलेले यांच्या याद्या वेगळ्या ठेवायच्या आणि गरजेप्रमाणे त्यांना जागा वाटून द्यायची. झेडएफएस ही फाइल सिस्टिम तिचाच एक प्रकार वापरते. उलट ‘रॅम साफ’ करणारी सॉफ्टवेअर कॅशमधले उपयोगी तेच फेकतात आणि डिस्कला पुन्हा राबवतात. रिकामी रॅम पाहून समाधान वाटते, एवढाच काय तो फायदा.

हिशेबाचा प्रश्न जुनाच आहे. १९९३च्या एमएस-डॉस ६.०मधला स्मार्टड्राइव्ह हा कॅश प्रोग्राम लिखाण मागे ठेवी आणि प्रॉम्प्ट मात्र लगेच दाखवी. लोक बटण बंद करत, डेटा जाई. त्याच वर्षीच्या ६.२मध्ये लिखाण पुरे होईपर्यंत प्रॉम्प्ट येईनासा झाला. आज चांगले डेटाबेस सॉफ्टवेअर ‘आत्ताच लिही’ (म्हणजे फ्लश) असे सांगून उत्तराची वाट पाहते. पण विंडोजमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबवर हा फ्लश बंद करणारा एक चौकोन आहे, आणि वेग वाढवण्याच्या टिप्स तिथे खुशाल टिक करायला सांगतात. डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसेल तर ती टिक नको, असा इशारा तिथेच छापलेला असतो.

यूपीएस आहे ना, असे कोणी म्हणेल. यूपीएस लाइट जाण्यापासून वाचवतो. विंडोज अडकून रीसेटचे बटण दाबावे लागले, तर रॅममधले जातेच, आणि बॅटरी उतरलेला यूपीएस असून नसल्यासारखा. मग प्रत्येक अक्षर थेट डिस्कवर का लिहू नये? कारण सगळेच रखडेल. मार्ग मधला आहे: बिले आणि खाती तत्काळ डिस्कवर, तात्पुरत्या फाइली सावकाश. ही निवड फाइलवार करता यावी आणि अजून न लिहिलेल्या मजकुराचा आकडा घड्याळाशेजारी दिसावा. पेन ड्राइव्हच्या बाबतीत विंडोज १०ने २०१८मध्ये पटकन काढता येण्याची सोय मूळ सेटिंग केली, वेगावर पाणी सोडून. आतल्या डिस्कवरच्या खात्यांना मात्र असा निर्णय अजून कोणी दिलेला नाही.