शेवटचा धावक, शेवटचा रुपया

दिवाळी आटोपली की महाराष्ट्रातल्या शहरांत, आणि अलीकडे तालुक्याच्या गावांतही, धावण्याचा हंगाम सुरू होतो. चौकाचौकांत फलक लागतात. कॅन्सरग्रस्तांसाठी धावा, मुलींच्या शिक्षणासाठी धावा, नदीसाठी धावा. कुठे डॉक्टरांची संघटना पुढाकार घेते, कुठे रोटरी क्लब, कुठे एखाद्या शाळेचे माजी विद्यार्थी. हेतू चांगला असतो, उत्साह दांडगा असतो आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत टी-शर्टचा रंग ठरतो. रुग्णवाहिका कुठे उभी राहणार आणि जमलेल्या पैशांचा हिशेब कोण देणार, हे दोन विषय मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात. खरं तर बैठक या दोन विषयांनीच सुरू व्हायला हवी.

समाजकार्यासाठी धावण्याच्या या प्रथेला आज जे रूप आहे, त्यात टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाचा मोठा वाटा आहे. हाडाच्या कॅन्सरमुळे 1977 मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. 12 एप्रिल 1980 रोजी तो कृत्रिम पाय लावून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला आणि रोज जवळपास एक मॅरेथॉन या हिशेबाने 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. कॅन्सर फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं आणि 28 जून 1981 रोजी तो गेला. प्रत्येक कॅनेडियन नागरिकामागे एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं. मृत्यूपूर्वी ते पूर्ण झालं होतं. निधी 2 कोटी 40 लाख डॉलरवर पोहोचला होता. त्याच्या नावाने भरणाऱ्या दौडीचे नियम आजही कडक आहेत. स्पर्धा नाही, प्रवेश शुल्क नाही, प्रायोजकांच्या नावांची झगमग नाही. ही दौड मुंबईतही झाली आहे आणि तिचा निधी कॅन्सर संशोधनाला गेला आहे.

दुसरा नमुना लंडनचा. 1981 मध्ये सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनने आजवर एक अब्ज पौंडांहून जास्त निधी वेगवेगळ्या संस्थांना मिळवून दिला. तिथे स्पर्धाही आहे, प्रायोजकही आहेत, आणि धावणारा माणूस आपल्या ओळखीच्यांकडून आपल्या आवडीच्या संस्थेसाठी पैसे गोळा करतो. मुंबईने उचलला तो हा नमुना. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची, म्हणजे मुंबईपेक्षा वीस वर्षांनी मोठी. पण निधी उभारणीची पक्की घडी बसली ती 2004 मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये. तिथे संस्थांची नोंदणी होते, त्यांची कागदपत्रं तपासली जातात, आणि कोणी कोणासाठी किती जमवलं याची नोंद राहते. निधीची ही बाजू युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते आणि दौड भरवण्याचं काम दुसरी कंपनी करते. जबाबदाऱ्यांची ही वाटणी फार महत्त्वाची आहे. छोट्या गावातल्या आयोजकांनी मुंबईकडून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती हीच घ्यावी.

कारण गोंधळ नेमका इथेच होतो. समजा, हजार माणसांनी 500 रुपये भरून नाव नोंदवलं. पाच लाख जमले. टी-शर्ट, पदक, नाश्ता, वेळ मोजणारी चिप, मंडप, पाणी यांवर साडेचार लाख गेले, तर मूळ कामासाठी पन्नास हजार उरले. फलकावर मात्र लिहिलेलं असतं, ‘आपलं प्रवेश शुल्क अनाथ मुलांसाठी’. यात कोणी पैसे खाल्लेले नसतात, तरी धावणाऱ्याचा समज चुकीचा झालेला असतो. यावर साधा उपाय आहे. शुल्क दौडीच्या खर्चासाठी आणि देणगी संस्थेसाठी, अशी दोन वेगळी खाती ठेवायची. शुल्क आणि प्रायोजक यांतून खर्च भागला पाहिजे. देणगीला त्यासाठी हात लावायचा नाही. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट आणि पदक मिळतं, त्यामुळे प्राप्तिकराच्या दृष्टीनेही ती देणगी ठरत नाही. 80जी म्हणून सर्वांना ठाऊक असलेली करसवलत खऱ्या देणगीवर मिळते. तीही पात्र नोंदणीकृत संस्थेने स्वतः पावती दिली तरच, आणि 2,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली नसेल तरच.

प्रायोजक शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘कंपनीच्या सीएसआरमधून घेऊ’ हे वाक्य प्रत्येक आयोजन समितीत ऐकू येतं. पण केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2014 च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं आहे की मॅरेथॉनसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरता येत नाही. कंपनीला जाहिरातीच्या खर्चातून प्रायोजकत्व देता येतं, किंवा लाभार्थी संस्थेच्या वर्षभराच्या प्रकल्पाला मदत करता येते. हे आधी माहीत असलं की महिनाभराच्या खेपा वाचतात. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी जमवायची, तर गणेशोत्सवाप्रमाणेच धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढावी लागते, हेही अनेकांना शेवटच्या क्षणी कळतं.

पैशाचा विषय मार्गी लागला की तारीख. आपल्या हवामानात तारीख आणि वेळ हाच सुरक्षेचा अर्धा भाग आहे. पहिली मुंबई मॅरेथॉन फेब्रुवारीच्या मध्यात झाली होती; पुढच्याच वर्षापासून ती जानेवारीत आली. मुंबईत त्याहून गार महिना नाही, आणि तरीही समुद्राकाठची दमट हवा आठ वाजता धावणाऱ्यांचा दम काढते. एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य दिन आहे म्हणून त्या दिवशी सकाळी आठला दहा किलोमीटरची दौड ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने 14 माणसं दगावली. ती दौड नव्हती, माणसं नुसती बसली होती. धावणाऱ्या शरीरात उष्णता कितीतरी जास्त वेगाने तयार होते.

जगातल्या अनुभवी आयोजकांनाही हवामानाने गाठलं आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये शिकागोत पारा 31 अंशांच्या आसपास गेला. सुमारे 36 हजार धावक रस्त्यावर होते. लोकांनी पाणी प्यायलं आणि डोक्यावरही ओतलं. पुढच्या केंद्रांवर पेले कमी पडल्याच्या तक्रारी आल्या आणि साडेतीन तासांनी आयोजकांनी शर्यत थांबवली. चीनच्या गान्सू प्रांतात मे 2021 मध्ये उलटं घडलं. डोंगरातल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत 172 जण होते. अचानक गारा, पाऊस आणि वादळी वारा आला आणि 21 धावक थंडीने गारठून मरण पावले. वारा अडवणारं जॅकेट सोबत बाळगणं सक्तीचं नव्हतं. एका मेंढपाळाने आपल्या आसऱ्याच्या गुहेत शेकोटी करून सहा जणांना वाचवलं. आपल्याकडे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते, तीही पावसाळ्यात. सह्याद्रीत पायवाटांवरच्या शर्यतीही वाढल्या आहेत. त्यामुळे गान्सूची गोष्ट इथल्या प्रत्येक आयोजकाने वाचावी अशी आहे. कोणत्या परिस्थितीत शर्यत रद्द करायची आणि तो निर्णय कोण घेणार, हे आधी कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. त्या सकाळी पाहुणे मंचावर बसलेले असताना ‘रद्द’ म्हणण्याचं बळ कोणाला येत नाही.

वैद्यकीय तयारीबाबत अमेरिकेतला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. 2000 ते 2010 या काळातल्या अर्ध आणि पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या 1 कोटी 9 लाख लोकांची माहिती त्यात तपासली गेली. हृदय बंद पडण्याच्या घटना 59. म्हणजे साधारण 1 लाख 84 हजार धावकांमागे एक. प्रमाण कमी आहे, हे घाबरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. पण त्या 59 पैकी 42 जण वाचले नाहीत. जे वाचले, त्यांच्यात मोठा फरक पाडला तो जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात केल्याने. बहुतेक घटना शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात घडल्या. अंतिम रेषा दिसली की माणूस उरलेलं सगळं बळ लावतो. म्हणून विजेचा झटका देणारं एईडी यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये हवा. मंचाच्या मागे उभी केलेली एकुलती एक रुग्णवाहिका गर्दीतून बाहेर निघत नाही. ती ज्या रस्त्याने जाईल, त्यावरून आदल्या दिवशी गाडी चालवून पाहावी. उष्माघाताचा नियमही ठरलेला आहे: आधी जागेवरच अंग बर्फाच्या पाण्याने थंड करायचं, मग रुग्णालयात हलवायचं. त्यासाठी टब, बर्फ आणि पाणी लागतं. खर्च किरकोळ आहे.

पाणी वाटपाच्या केंद्रावर तर अख्खं शास्त्र आहे. एकच टेबल मांडलं की त्यावर झुंबड उडते, मागचे पुढच्यांवर आदळतात. अनुभवी आयोजक टेबलांची लांब रांग लावतात आणि पहिल्या टेबलावरचे स्वयंसेवक हात पुढे करून ओरडत राहतात, ‘पुढे या, पुढे पाणी आहे!’ पेला अर्धाच भरायचा, वरच्या कडेने धरायचा, म्हणजे धावणाऱ्याला तो न सांडता उचलता येतो. कचऱ्याचे डबे टेबलाजवळ ठेवून उपयोग नाही. माणूस पाणी पिऊन पन्नास-शंभर पावलं पुढे गेल्यावर पेला टाकतो, डबा तिथे हवा. केळी सोलून, तुकडे करून द्यावीत. रस्त्यावरच्या सालीने पाय घसरतो. आणि पाणी कमी पडणं जसं वाईट, तसं पाणी अति पिणंही वाईट. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावकांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं. संथ धावणाऱ्यांत, शर्यतीत खूप पाणी प्यायलेल्यांत ते जास्त होतं. ‘तहान लागेल तसं प्या’ एवढा फलक केंद्रावर लावला तरी पुरे.

अंतर मोजण्याकडे हौशी दौडींमध्ये दुर्लक्ष होतं. मोटारसायकलच्या मीटरवर किंवा फोनवर मोजलेलं अंतर चालत नाही. मान्यताप्राप्त पद्धतीत सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात, पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर ते जुळवून घेतात आणि वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर ठेवून सायकल चालवतात. शिवाय मार्ग तोकडा पडू नये म्हणून हजारात एक भाग अंतर जास्त धरतात. इंग्लंडमधल्या मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग 2013 ते 2015 अशी तीन वर्षं 380 मीटर कमी भरला होता. 2016 मध्ये ते उघड झालं आणि हजारो धावकांच्या वेळा बाद ठरल्या. बँकॉकला 2015 मध्ये अर्ध मॅरेथॉनचे धावक 21 ऐवजी सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर धावले. तीन किलोमीटरच्या कौटुंबिक दौडीत एवढी काटेकोर मोजणी नको. मात्र जिथे वेळ देणार आणि क्रमांक काढणार, तिथे ती हवीच.

पोलीस, वाहतूक शाखा, नगरपालिका यांच्या परवानग्या दोन-तीन महिने आधीच मागाव्यात. बंद होणाऱ्या रस्त्यावर कोणती रुग्णालयं आहेत, दूध आणि वर्तमानपत्रांच्या गाड्या कुठून जातील, भाजीबाजार किती वाजता भरतो, हे पोलीस विचारतात आणि ते योग्यच आहे. पहाटे साडेपाचला झुंबा आणि डीजे लावण्याची हौस अनेकांना असते. पण रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि रुग्णालयाच्या शंभर मीटरच्या परिसरात शांतता क्षेत्र असतं. ज्यांच्या दारावरून आपण धावणार, त्या रहिवाशांना आठवडाभर आधी पत्रक देणं हीही परवानगीच आहे. मुंबईत मार्गालगतची माणसं स्वतःहून संत्र्याच्या फोडी, चिक्की, लिंबूपाणी घेऊन उभी असतात. हे प्रेम कोणी विकत घेतलेलं नाही.

आणि शेवटी येणारा धावक. बक्षीस समारंभ उरकून मंडपवाला खांब काढायला लागतो, पाण्याची टेबलं उचलली जातात, पदकं संपतात, आणि तेव्हा कुठे साठीतल्या एक बाई, आयुष्यातली पहिली दौड पूर्ण करत, अंतिम रेषेवर पोहोचतात. तिथे टाळी वाजवायला कोणी नसतं. त्यांनीही तेवढेच पैसे भरलेले असतात. ऊन मात्र सगळ्यांपेक्षा जास्त सोसलेलं असतं. इंग्लंडमध्ये 2004 साली 13 धावकांनिशी सुरू झालेल्या, दर शनिवारच्या मोफत पार्करनमध्ये यावर सुंदर तोड काढली आहे: एक स्वयंसेवक सर्वांच्या मागे चालतो आणि तोच नेहमी शेवटी पोहोचतो, म्हणजे भाग घेणारं कोणी शेवटचं ठरतच नाही. आपल्या प्रत्येक दौडीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या दोन मुलांना हे काम देता येईल. ती दोघं पोहोचल्याशिवाय एकही टेबल उचलायचं नाही, असा आदेश असावा.

दौड संपल्यावर सफाई कामगारांना जादा कामाचा मोबदला द्यावा आणि महिनाभरात हिशेब जाहीर करावा. किती जमले, कशावर गेले, संस्थेला कोणत्या तारखेला किती दिले. एक पान पुरतं.

या हिवाळ्यात तुमच्या गावात अशी दौड असेल तर नाव नोंदवण्याआधी आयोजकांना गेल्या वर्षीचं ते पान मागा, आणि मार्गावर एईडी यंत्र कुठे आहे तेही विचारा. उत्तर मिळालं तर जरूर धावा, आणि बिबच्या, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायला विसरू नका. उत्तर टाळलं गेलं, तर तेवढीच रक्कम सरळ त्या संस्थेच्या कार्यालयात भरा आणि पावती घ्या.