काळ्या दगडाचे कुळगोत्र

हैदराबादच्या तारनाका भागालगत राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली ती स्थापन झाली. दगडातील मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणातही मोजणारी यंत्रे तेथे आहेत. असे असता हातोडी घेऊन रानोमाळ भटकण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जातो. आमचे मत याच्या नेमके उलट आहे.

मँगनीजच्या खाणीत सारेच दगड काळे. तरीही जाणत्याला त्यांची जात जागेवर बरीचशी कळते. मऊ पायरोल्यूसाइट हाती घेताच बोटे काजळतात. ब्राउनाइट चाकूला दाद देत नाही. हाउसमनाइट चिनीमातीच्या खडबडीत तुकड्यावर घासले तर तपकिरी रेघ उमटते. जॅकब्साइट लोहचुंबकाकडे ओढले जाते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की मँगनीजची ऑक्साइडे फसफसतात. एवढ्याने दुर्मीळ खनिज सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु शंभर दगडांतून कोणता एक प्रयोगशाळेत न्यावा, हे यंत्र सांगू शकत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्मर यांनी झाबुआतील काजळीडोंगरी येथे असेच एक वेगळे खनिज हेरले आणि १९०६ साली त्यास आपले संचालक हॉलंड यांच्यावरून ‘हॉलंडाइट’ हे नाव दिले. (वरिष्ठांचे नाव देण्याची ती साहेबी रीत, याच फर्मरनी एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटले, हे मात्र मनापासून आवडते.) बेरियमयुक्त हॉलंडाइट आजही मान्य आहे. त्यांची इतर सर्व नावे टिकली नाहीत. छिंदवाड्यातील सीतापारवरून दिलेले ‘सीतापाराइट’ हे अमेरिकेत आधीच आढळलेले बिक्सबाइट निघाले. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीचे चुंबकीय ‘व्रेडेनबर्गाइट’ हे एक खनिज नसून जॅकब्साइट व हाउसमनाइट यांची गुंफण ठरली. पण ही दुरुस्ती शक्य झाली, ती नमुना कोठला याची नोंद त्यांनी चोख ठेवली म्हणून. ठिकाण हरवलेला दगड कितीही दुर्मीळ असो, शास्त्राच्या दृष्टीने अनाथच.

आपल्या सांगे-केपे भागांत काय घडले? रिवणच्या परिसरातून मँगनीज निघाले, बाहेर गेले. खरेदीदाराने टक्केवारी विचारली. त्यात कोणती खनिजे आहेत, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते. ते कारण आपल्याला होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा ते काम हाती घेता आले असते. खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचते, उघडे पडलेले थर दिसेनासे होतात आणि जुन्या ढिगाऱ्यांवर रान माजते. खाणखात्याने प्रत्येक पट्ट्यातील नमुने ठिकाण, खोली व तारीख लिहून राज्य संग्रहालयात जमा करावेत, आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वी निदान एक पावसाळा सरल्यावरचा महिना या ढिगाऱ्यांवर घालवू द्यावा. यंत्रासाठी नमुने मग तारनाक्याला खुशाल धाडता येतील.