घरची बोली आणि शाळेची भाषा

देगलूर हे भाषांच्या सीमेवरचे गाव. येथून तेलंगणाही जवळ आणि कर्नाटकही. आमच्या वसतिगृहात पहिलीला येणारे मूल मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, दखनी उर्दूचे शब्द कानांत साठवूनच येते. ‘गुरुजी, लेकरू अशुद्ध बोलते,’ असे पालक संकोचाने सांगतात. म्हणूनच मूल भाषा कसे शिकते, हे येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गर्भात असतानाच मूल आईचा आवाज ऐकू लागते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते परक्या भाषांतीलही अनेक ध्वनिभेद ओळखते; वर्षाच्या सुमारास त्याचा कान भोवतालच्या भाषेला जुळतो. त्याच सुमारास पहिला सार्थ शब्द उमटतो. दीड-दोन वर्षांत दोन शब्दांची जोडणी होते आणि चार-पाच वर्षांचे मूल आपल्या बोलीचे बहुतेक व्याकरण पाठ्यपुस्तकावाचून आत्मसात करते.

यात अनुकरणाहून अधिक काही घडते. ‘बसलं’, ‘पडलं’ ऐकणारे मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणून जाते. हे रूप त्याला कोणी शिकविलेले नसते. त्याने स्वतः नियम शोधला, याचीच ती खूण होय. आपल्याकडचे मूल ‘तो जाऊलालाय’, ‘ती जाऊलालीय’ हा भेद अचूक पाळते. पुस्तकातील ‘जात आहे’ इतकेच हे रूपही नियमबद्ध आहे.

अशा बोलीला वर्गात हसले, की मूल गप्प होते. आणि गप्प बसलेले मूल कोणतीच भाषा शिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्या समाजाच्या शाळेत तरी असे घडता कामा नये. तथागतांचे वचन वैदिक छंदात बांधण्याची अनुज्ञा दोन भिक्खूंनी मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. धम्म लोकांच्या बोलीतच राहिला.

प्रमाण मराठी आमच्या मुलांना आलीच पाहिजे. परीक्षा, कचेरी, न्यायालय यांची वाट तिच्यातूनच जाते. परंतु ती घरच्या बोलीवर उभी राहावी, बोली पुसून नव्हे. पालकांना आमची एवढीच विनंती आहे: भेटीच्या दिवशी मुलाशी आपल्याच बोलीत भरपूर बोलावे आणि त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे.