आकडीला दांडा कशाचा?

जाळ्यात आलेला मासा हाती आलाच असं नाही. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यातला दहा-बारा किलोचा कटला डोंग्याच्या कडेपर्यंत निमूट येतो आणि नेमका तिथंच उसळतो. अशा वेळी काठीला बसवलेली लोखंडी आकडी कामाला येते. समुद्रावरचे मासेमार ‘गॅफ’ वापरतात, ती हीच. विकतच्या गॅफला ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा दांडा असतो. घरी करायची, तर आकडी लोहार वाकवून देतो. डोकं चालवायचं ते दांड्यासाठी.

पहिला मोह पाइपाचा होतो. २५ मिलिमीटर जाडीचा, २ मिलिमीटर पत्र्याचा लोखंडी पाइप मीटरमागे सव्वा किलोच्या आत-बाहेर भरतो. दोन्ही तोंडं बुजवली तरी तो बुडतोच, कारण तेवढ्या लांबीत तो जेमतेम अर्धा किलो पाणी सारतो. दीड मिलिमीटर पत्र्याचा तसाच ॲल्युमिनियमचा पाइप ३०० ग्रॅमचा. तोंडं बंद असली तर तरंगतो. मात्र तो एकदा वाकला की सरळ करताना तिथंच तडकण्याची भीती. शिवाय वरून विजेची तार गेली असेल तिथं धातूचा लांब दांडा उचलणं म्हणजे जिवाशी खेळ.

कुऱ्हाडीच्या दांड्याला नावाजलेला धावडा चिवट खरा, पण वजनदार. हात लांब करून धरायच्या अवजाराला तो जड जातो.

राहिला बांबू. त्यातही कटांग नको. तो पोकळ, मांडवाला आणि शिडीला ठीक. आकडीला हवा मानवेल. कोरड्या, मुरमाड जागी वाढलेला मानवेल बुडाकडे जवळजवळ भरीव असतो. लाठ्या त्याच्याच होतात. पहिल्या वर्षाचा कोवळा वासा वाळताना आकसतो, चिरतो. निदान तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्यावा. कोका किंवा नागझिरा अभयारण्यातून तोडून आणणं गुन्हाच. पण वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ साली वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बेट असेल तर काम सोपं, नाहीतर बुरडाकडे जावं.

ओला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की त्यातलं पिठूळ सत्त्व निघून जातं. घुणाला खायला फारसं उरत नाही. मग सावलीत वाळवायचा. वाक असेल तर मंद आचेवर फिरवून, गरम असतानाच गुडघ्यावर दाबून काढायचा.

आकडी बसवताना खिळा ठोकू नये. बांबू उभा चिरतो. दांड्याच्या आकडीकडच्या टोकाजवळ पेर राहील अशी जागा निवडावी, म्हणजे चीर गेलीच तरी तिथं अडते. आकडीच्या गजाचं मागचं टोक काटकोनात वाकवून बारीक भोकात बसवायचं, वर नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळायची आणि तिच्यावर ॲराल्डाइट चढवायचं. या बांधणीत घाई करणारा पुढच्या मोठ्या माशासोबत आकडीही गमावतो. डोंग्यातून पाणी हाताशी असतं, तिथं तीन-चार फुटांचा दांडा पुरे; तलावाच्या पाळीवरून वापरायचा तर सहा-सात फूट हवा.

मरळीला मात्र ही आकडी लावू नये. पाण्याबाहेरही बराच वेळ जगणारा हा मासा बाजारात जिवंत विकला जातो, आणि भोक पडलेली मरळ टोपलीत फार काळ तग धरत नाही. तिच्यासाठी त्याच मानवेलाला हातजाळी बांधलेली बरी.