ब्राह्मी कोणती?

परीक्षा जवळ आल्या की घरोघरी ब्राह्मीची आठवण होते. कोणी ती तुपात सिद्ध करतात, कोणी तेलात उकळतात, कोणी पानांचा रस काढून मुलापुढे धरतात. पण ही ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, असे विचारले तर आमच्या इंदूरच्या सुदामानगरात एकाच गल्लीत दोन उत्तरे मिळतील. कोकणातून आलेल्या घरातील आजीबाई लांब देठाचे, वाटोळे, कडेला दाते असलेले पान दाखवतील. माळव्यातील शेजारीण मात्र पाणथळ जागी जमिनीसरशी पसरणारी, बारीक मांसल पानांची वनस्पती आणून देईल. दोघीही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. घोटाळा आहे तो नावाचा.

वाटोळ्या पानाची ती मंडूकपर्णी. मराठीत तिला कारिवणा असेही म्हणतात. कन्नडमधले तिचे नाव ओंदेलग, म्हणजे ‘एक पान’. शास्त्रज्ञ तिला सेंटेला एशियाटिका म्हणतात आणि कोथिंबिरीच्या कुळात बसवतात. दुसरी जलब्राह्मी अथवा जलनीम. शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी, आजच्या वर्गीकरणाप्रमाणे इसबगोलाच्या कुळातली. दोघींचे नाते चुलत बहिणींइतकेही नाही! चरकसंहितेत चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी आहे. ब्राह्मीचे घृत येते ते अपस्माराच्या चिकित्सेत. ग्रंथात नावे निराळी, आणि बाजारात मात्र एकाच पोत्यावर एकच चिठ्ठी, असा हा प्रकार आहे.

नुसत्या नावावर विसंबू नये, हे जुन्या लोकांनीही ओळखले होते. कोचीनचे डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांनी मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात प्रत्येक वनस्पतीचे नाव, वर्णन आणि मोठे चित्र एकत्र दिले आहे. त्या कामी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले, आणि त्यांचे साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. आपल्या लिपीच्या छपाईचा तो अगदी आरंभीचा नमुना होय.

आज भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने वाद मिटवला आहे. ब्राह्मी म्हणजे बॅकोपा, मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला, अशी दोघींची स्वतंत्र प्रकरणे त्यात आहेत. ताजी वनस्पती हाती असेल तर ओळख पटवणे सोपे आहे. जलब्राह्मीची पाने बिनदेठाची, समोरासमोर. फूल पांढरे किंवा फिकट जांभळे. चव चांगलीच कडू. पण वाळवून कुटले की ही सारी लक्षणे चूर्णात हरवतात. मग सूक्ष्मदर्शक घ्यावा लागतो. जलब्राह्मी पाण्यात राहणारी असल्यामुळे तिच्या खोडात हवेच्या मोठमोठ्या पोकळ्या असतात, त्यांचे अवशेष तपासनीस शोधतो.

त्यापुढची कसोटी रसायनाची. टीपकागदावर शाईचा थेंब टाकून कागदाची कड पाण्यात धरली की शाईतले रंग वेगवेगळे चढतात, हा खेळ शाळेतल्या मुलांना ठाऊक असतो. प्रयोगशाळेत काचपट्टीवर वनस्पतीचा अर्क असाच चढवतात आणि ठिपके कोठे उमटतात ते पाहतात. जलब्राह्मीची खूण म्हणजे बॅकोसाइड, मंडूकपर्णीची एशियाटिकोसाइड. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील चटर्जी, रस्तोगी आणि धर यांनी १९६३ मध्ये ‘बॅकोसाइड ए’चे वर्णन केले, पुढे असे आढळले की ते एक द्रव्य नसून अनेक जवळच्या द्रव्यांचे मिश्रण आहे. शिवाय ऋतू आणि जमीन बदलली की त्याचे प्रमाणही बदलते. तेव्हा ‘शुद्ध ब्राह्मी’ एवढ्या शब्दांनी गुण किती, हे काही कळत नाही.

खरी काळजी आणखी निराळीच आहे. जलब्राह्मी पाण्यातील शिसे, कॅडमियम, पारा असे जड धातू शोषून साठवते. म्हणूनच दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. जो गुण गढूळ पाण्याला उपकारक, तोच औषधाला अपायकारक. औषधी वनस्पतींत शिसे दहा लक्ष भागांत १० भागांहून व कॅडमियम ०.३ भागाहून अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. जात ओळखली तरी हे डोळ्यांना वा जिभेला कळणार नाही. नाल्याकाठची हिरवीगार जुडी, कितीही ताजी दिसो, घरी आणू नये. आमच्या शेजारचे सिरपूर तळे २०२२ साली रामसर यादीत आले. तेथील काठ पक्ष्यांसाठी राहू द्यावा.

विकतच्या डबीवर शास्त्रीय नाव छापलेले आहे की नाही ते पाहावे, आणि मुलाला देण्यापूर्वी वैद्यांना विचारावे. घरची हवी असेल तर पसरट कुंडी पुरते. खात्रीच्या रोपवाटिकेतून आणलेली काडी ओल्या मातीत आडवी ठेवली की पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात. माती मात्र उन्हाळ्यात एक दिवसही कोरडी पडू देऊ नये.