गोळीची आठवण आणि माणसाची विचारपूस

सकाळचे आठ वाजतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला मोबाइल वाजू लागतो. पडद्यावर दोनच शब्द असतात, ‘बीपीची गोळी’. आजींचे हात कणकेत असतात, म्हणून शेजारी खेळणारा नातू येऊन गजर बंद करतो. ‘पोळ्या झाल्या की घेते,’ म्हणता म्हणता दहा वाजतात. मग दाराशी कुणी येते, मग भाजी निवडायची असते. रात्री पुण्याहून मुलगा फोनवर विचारतो, ‘आई, गोळी घेतलीस ना?’ आई म्हणते, ‘घेतली की.’ ती खोटे बोलत नसते. घेतली असावी, असेच तिला वाटत असते.

थोड्याफार फरकाने हा प्रसंग घरोघरी घडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे. म्हणजे डॉक्टरांनी निदान बरोबर केले, औषध योग्य लिहून दिले, दुकानातून ते घरीही आले, तरी पुढचा प्रवास अर्ध्यावरच थांबतो. रक्तदाबाच्या गोळ्या वारंवार चुकल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या औषधांत खंड पडला, तर जंतू आणि विषाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात.

हातात मोबाइल आल्यापासून यावर सोपा उपाय सुचला, तो म्हणजे आठवण करून देण्याचा. आधी साधे लघुसंदेश आले, मग निरनिराळी ॲप आली आणि आता ‘रोज रात्री नऊला गोळीची आठवण कर’ असे तोंडी सांगितले की ऐकणारे फोन आणि स्पीकरही आले आहेत. प्रश्न एवढाच, की आठवण करून दिल्याने गोळी पोटात जाते का?

‘कसं काय?’ विचारणारा संदेश

या प्रश्नाचे सर्वात बोलके उत्तर आफ्रिकेतील केनियातून आले. तेथील तीन दवाखान्यांत एचआयव्हीची औषधे नव्याने सुरू झालेल्या ५३८ रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय आठवड्यातून एकदा, सोमवारी, दवाखान्यातील नर्सकडून एका शब्दाचा संदेश जाई, ‘मांबो?’ स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘कसं काय?’ रुग्णाने ४८ तासांत उत्तर द्यायचे, ‘सावा’ म्हणजे ठीक आहे किंवा ‘शिदा’ म्हणजे अडचण आहे. ज्याने अडचण कळवली किंवा ज्याचे उत्तरच आले नाही, त्याला नर्स स्वतः फोन करी.

वर्षभराने पाहिले तेव्हा संदेश मिळणाऱ्या गटातील ६२ टक्के रुग्ण औषधे नीट घेत असल्याचे सांगत होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ५० टक्के होते. सांगणे वेगळे आणि करणे वेगळे, म्हणून रक्तही तपासले गेले. संदेश मिळणाऱ्यांपैकी ५७ टक्के जणांच्या रक्तातील विषाणू औषधाने दबलेले आढळले. दुसऱ्या गटात ही संख्या ४८ टक्के होती.

या संदेशात ना गोळीचा उल्लेख होता, ना आजाराचा, ना कसला उपदेश. होती ती केवळ विचारपूस, आणि उत्तर आले नाही तर कुणीतरी फोन करील ही खात्री.

केनियातच झालेल्या आणखी एका अभ्यासात ४३१ रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे आठवण केली गेली. काहींना रोज, काहींना आठवड्यातून एकदा. गोळ्यांच्या बाटलीचे झाकण किती वेळा उघडले, याची नोंद झाकणातच होत होती. रोजच्या संदेशांचा फायदा जास्त होईल अशी कुणाचीही अपेक्षा असेल, पण घडले उलटे. आठवड्यातून एकदा संदेश मिळणाऱ्यांपैकी ५३ टक्के रुग्णांनी किमान ९० टक्के गोळ्या घेतल्या, तर संदेश न मिळणाऱ्यांत असे ४० टक्केच निघाले. रोज संदेश मिळणाऱ्यांत मात्र फायदा दिसला नाही. रोज त्याच वेळी वाजणाऱ्या आवाजाची कानाला सवय होते आणि सवय झाली की तो ऐकूच येईनासा होतो, हे घरातल्या गजराबाबत सर्वांच्याच अनुभवाचे आहे.

सगळीकडे जमतेच असे नाही

लघुसंदेशांवर झालेल्या १६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. २,७०० हून अधिक रुग्णांच्या या माहितीतून असा अंदाज निघाला, की ५० टक्के रुग्ण औषध नीट घेत असतील, तर संदेशांमुळे ते प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पण त्यातील बरेच अभ्यास काही आठवड्यांचेच होते आणि गोळी घेतली की नाही हे अनेकदा रुग्णानेच सांगितलेले होते.

नाण्याची दुसरी बाजू भारतातच दिसली. दक्षिण भारतातील ६३१ एचआयव्ही रुग्णांना दर आठवड्याला यंत्राद्वारे ध्वनिमुद्रित फोन आणि एक चित्रसंदेश पाठवून सुमारे दोन वर्षे पाहणी झाली. ‘बीएमजे’मध्ये २०१४ साली आलेल्या निष्कर्षानुसार, या फोनमुळे ना औषधे घेण्यात लक्षणीय फरक पडला, ना विषाणू आटोक्यात राहण्यात. अमेरिकेत तर ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगात कप्प्यांची डबी, वेळ दाखवणारे झाकण आणि डोस घेतल्याची खूण करायची पट्टी अशी साधने घरपोच पाठवण्यात आली. वर्षभराने पाहता, नुसती साधने पाठवून काहीही साधले नव्हते.

देश वेगळे, रुग्ण वेगळे, दवाखान्यातील सेवाही वेगळी, त्यामुळे या अभ्यासांची थेट तुलना करता येत नाही. तरी एक धागा दिसतो. गोळी चुकण्याचे कारण दर वेळी विसरणे हे नसते. गोळीने मळमळते म्हणून ती टाळली जाते. रक्तदाब वाढल्याचे जाणवत नाही, मग ‘मला काय झालंय?’ असे वाटते. महिनाअखेर पाकीट संपते आणि पैसे येईपर्यंत नवे येत नाही. यांतल्या कोणत्याही कारणावर गजराकडे इलाज नाही. विसरणाऱ्याला गजर उपयोगी पडतो, पण टाळणाऱ्याला माणूस लागतो.

भारतातील क्षयरोग कार्यक्रमात वापरल्या गेलेल्या ‘९९डॉट्स’ या पद्धतीची कल्पना याच दिशेची आहे. गोळ्या वेष्टनातून बाहेर काढल्या की आत लपलेला फोन क्रमांक दिसतो. रुग्णाने त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा. त्याची नोंद आरोग्य कर्मचाऱ्याला दिसते आणि ज्याचा कॉल आला नाही, त्याच्याकडे लक्ष देता येते. अडचण अशी, की कुणी गोळी घेऊनही कॉल करत नाही आणि कुणी न घेताच कॉल करतो. लघवी तपासून पडताळले तेव्हा ही तफावत स्पष्ट झाली. म्हणजे यंत्रातील नोंद कुणाकडे आधी जायचे ते सुचवते, पण खरे काय ते जाऊनच कळते.

बोलणारा मदतनीस

ज्यांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तोंडी चालणारे मदतनीस खरोखरच सोयीचे आहेत. २०१८ पासून गूगल असिस्टंट मराठीही समजू लागला. वेळ सांगणे, गजर लावणे, ‘गोळीची वेळ झाली’ असे मोठ्याने म्हणणे ही कामे असे मदतनीस नेटाने करतात. पण त्यांच्यावर विसंबायचे किती, याला मर्यादा आहे.

पहिली अडचण औषधांच्या नावांची. अमेरिकेत सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या ५० औषधांची नावे घेऊन २०१९ साली एक चाचणी झाली. कंपनीने दिलेली नावे गूगल असिस्टंटला सुमारे ९२ टक्के वेळा बरोबर कळली, सिरीला सुमारे ५९ टक्के, तर अलेक्साला सुमारे ५५ टक्के. मूळ रासायनिक नावे घेतली तेव्हा तिघांचीही अचूकता घटली. यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत. पण आपल्याकडे एकाच औषधाची डझनावारी नावे असतात आणि त्यातली कित्येक एकमेकांसारखी ऐकू येतात, हेही विसरता येत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आठवण करणाऱ्या यंत्राला हळूहळू सल्लाही विचारला जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५४ सामान्य लोकांना औषधे आणि तातडीच्या प्रसंगांविषयीचे प्रश्न अशा मदतनिसांना विचारायला सांगितले. ३९४ पैकी १६८ प्रश्नांतच लोक ‘आता काय करायचे’ या निर्णयापर्यंत पोहोचले. त्यातील ४९ निर्णय प्रत्यक्षात आणले असते तर रुग्णाला काही ना काही इजा झाली असती, आणि २७ निर्णयांत मृत्यूही ओढवू शकला असता.

यंत्राला एकादशी कळत नाही

चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पद्धतीने केलेली आठवण कधी कधी विसरण्याहूनही वाईट ठरते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, कारण ती रक्तातील साखर उतरवते. एकादशीला पोटात काही नसताना ‘गोळी घ्या’ असा आवाज आला आणि गोळी घेतली गेली, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊन घाम, थरथर, गोंधळलेपण आणि प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला हवे.

संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. मोबाइलवर गजर लावताना ‘रोज’ हा पर्याय सहज दाबला जातो. अशा वेळी गजर जितका प्रामाणिकपणे वाजेल तितका धोका मोठा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, तर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून सुमारे चार तास लांब ठेवायची असते. सगळ्या गोळ्यांना मिळून सकाळी आठचा एकच गजर लावला, तर हे अंतर पाळले जात नाही.

शिवाय दुहेरी डोसची भीती असतेच. गजर बंद केला, गोळी घेतली, दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजला. ‘मघाशी घेतली का?’ याचे उत्तर आठवत नाही आणि गोळी पुन्हा घेतली जाते. रक्त पातळ करणारे औषध किंवा इन्सुलिन असेल तर ही चूक महागात पडते.

प्रश्न खासगीपणाचाही आहे. दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असताना स्पीकरने मानसिक आजाराच्या गोळीचे नाव पुकारले, किंवा घरातल्या सामाईक फोनवर एचआयव्हीच्या औषधाचा संदेश झळकला, तर रुग्ण दुसऱ्या दिवशी आठवण बंद करतो आणि कदाचित औषधही. केनियातील ‘मांबो?’ या संदेशातून वाचणाऱ्याला काहीच कळत नव्हते, ही त्याची आणखी एक जमेची बाजू.

घरी आठवण कशी लावावी?

- गजर लावण्याआधी सर्व औषधांची यादी डॉक्टर किंवा औषध विक्रेत्याकडून तपासून घ्यावी. रोजची, आठवड्याची, उपाशीपोटी घ्यायची आणि जेवणानंतरची औषधे वेगळी लिहावीत.
- सात दिवसांच्या कप्प्यांची डबी वापरावी. आठवणीत औषधाचे नाव न घालता ‘सकाळचा कप्पा’ एवढेच म्हणावे. नावाचा घोळ होत नाही, खासगीपण राहते आणि कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतल्याचे कळते. कोणत्या गोळ्या पाकिटाबाहेर काढून ठेवू नयेत, हे विक्रेत्याला विचारावे.
- गजर अशा वेळी लावावा, की जेव्हा हात मोकळे असतात आणि गोळ्या जवळ असतात. चहाला किंवा जेवणाला जोडलेली वेळ चांगली टिकते.
- गोळी पोटात गेल्याशिवाय गजर बंद करायचा नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही सांगावा.
- डोस चुकला तर भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. काय करायचे ते प्रत्येक औषधासाठी डॉक्टरांना आधीच विचारून यादीवर लिहावे. हा प्रश्न स्पीकरला विचारू नये.
- विजेवर चालणारा स्पीकर वीज गेली की गप्प होतो. त्यामुळे मोबाइलमधला साधा गजर जोडीला असू द्यावा.
- औषध बदलले की त्याच दिवशी जुनी आठवण काढून टाकावी. पाकिटात आठवड्याच्या गोळ्या उरल्या, की नवी आणण्याचीही आठवण लावावी.

आणि यादीत न बसणारी एक गोष्ट. दूर राहणाऱ्या मुलांनी रोज ‘गोळी घेतलीस ना?’ असे विचारले, की ‘घेतली’ हे उत्तर ठरलेले असते. आठवड्यातून एकदा ‘गोळ्यांचा काही त्रास होतोय का गं?’ असे विचारले आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबले, तर ती गोळी घेतल्यावर चक्कर येते, म्हणून एक दिवसाआड घेते, हे कदाचित कळेल. ते कळले तर डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलून देऊ शकतात.